वादळ मोठं झालं तेव्हा देवगडला ऊन पडलं होतं

गुरुवार, २४ ऑक्टोबर २०१९

सकाळी साडेसातला कोल्हापूरच्या रंकाळ्यावरनं गाडी सुटली. गाडीत आम्ही तिघं, एक पर्जन्यमापक, हातात धरायचा एक वारामापक, दोन ताडपत्र्या आणि आईनं दिलेला चकल्यांचा डबा. दिवाळी उंबऱ्यावर आलेली आणि आम्ही कोकणात वादळ बघायला चाललेलो. घरी अर्थातच ‘वादळ’ हा शब्द उच्चारला नव्हता. ‘देवगडला जरा जाऊन येतो,’ एवढंच. ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, जिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आमच्या गल्लीतल्या भिंतींवरची पुराची रेघ अजून गेली नव्हती. त्यानंतर आमच्या घरात पावसाचं कौतुक तोंडातनं काढायची सोय राहिली नाही.

तिघांतले सर म्हणजे आम्हाला आठवीपासून भूगोल शिकवलेले, आता निवृत्त. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन नळीतलं पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. वह्यांचा एक ट्रंकभर साठा आहे. दुसरा माझा मावसभाऊ, दादा. गाडी त्याची, चालवणार तो, आणि हवामानाशी त्याचं देणंघेणं ‘माशाचं ताट मिळणार का’ इतकंच. तिसरा मी. मोबाइलवर उपग्रहाची चित्रं बघत रात्री जागणारा. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात, मित्र ‘नाद खुळा’ म्हणतात.

त्या वर्षी अरबी समुद्राच्या अंगात आलं होतं. जूनमध्ये ‘वायू’ वादळ, सप्टेंबरात ‘हिक्का’. सर म्हणायचे, समुद्राचा पश्चिमेकडचा भाग नेहमीपेक्षा तापलाय आणि पूर्वेला इंडोनेशियाकडचा थंड पडलाय. इंडियन ओशन डायपोल म्हणतात तो हा, आणि त्या साली तो फार जोरात होता. पाऊस लांबलेला, जमीन भिजून चिकट झालेली. अशात आठवड्याच्या सुरुवातीला कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि गुरुवारी सकाळी हवामान खात्यानं त्याला ‘डिप्रेशन’ म्हणून टाकलं. म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारे. अंदाज असा होता की हे आधी कोकण किनाऱ्याच्या दिशेनं थोडं सरकणार आणि मग पाठ फिरवून ओमानकडे जाणार. वादळ बनलं तर नाव ‘क्यार’. म्यानमारनं सुचवलेलं.

‘पाठ फिरवायच्या आधी गाठायचं,’ एवढीच आमची योजना होती.

निवडणुकीच्या मतमोजणीचा दिवस. गगनबावड्यापर्यंत दादानं रेडिओवर आघाडी-पिछाडी लावून ठेवली, सरांनी दोनदा विचारलं की बातम्यांत हवामान कधी येतं. बावड्याला चहा घेतला तेव्हा धुकं इतकं की समोरच्या टपरीवाल्याचा फक्त आवाज ऐकू येत होता. करूळ घाटात गाडीचे दिवे लावून, हॉर्न वाजवत, माणसाच्या चालीनं उतरलो. खाली वैभववाडीला धुकं संपलं आणि पाऊस सुरू झाला. घाटातला पाऊस वेगळा, तो ढगात शिरून मिळतो. हा वरनं पडत होता, मोठ्या थेंबांचा, उबदार. सरांनी काच खाली करून हात बाहेर धरला आणि म्हणाले, ‘हा समुद्राचा आहे.’ दादा म्हणाला, ‘सर, सीट भिजतंय.’

तळेऱ्याला मुंबई-गोवा रस्ता लागला, नांदगाव तिठ्यावरनं उजवीकडे वळून शिरगावमार्गे देवगड. दोन्ही बाजूंना कापलेलं भात. काही ठिकाणी पेंढ्या बांधून बांधावर ठेवलेल्या, काही ठिकाणी नुसतंच कापून शेतात पसरलेलं, पाण्यात. त्या वेळी गाडीच्या काचेतनं बघितलं आणि पुढं गेलो. माझं लक्ष मोबाइलच्या बॅटरीकडे होतं.

राहायची सोय जामसंड्याच्या पुढं एका घरात. काका बंदरावर कामाला, काकू घर आणि पाहुणे बघतात. काकूंनी दारातच विचारलं, ‘खयसून इल्यात?’

‘कोल्हापूरसून,’ मी माझ्या तोडक्या मालवणीत.

‘ह्या पावसात? कशाक?’

सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, ‘वादळ बघायला आलोय.’

काकूंनी आम्हा तिघांकडे नीट बघून घेतलं. ‘वादळ काय बघूची वस्तू आसा?’ आणि आत चहा टाकायला गेल्या.

अंधारात अंगणातल्या कठड्यावर पर्जन्यमापक बसवला. रात्री कौलांवर पाऊस असा पडत होता की शेजारी झोपलेल्या दादाचं घोरणं ऐकू येईना. त्या एका कारणासाठी मी पावसाचा ऋणी आहे.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

साडेआठला बाहेर गेलो तर नळी काठोकाठ भरून वाहिलेली. नळी १५० मिलिमीटरची! म्हणजे त्याहून जास्त. हवामान खात्याच्या हिशेबात ६४.५ च्या पुढं जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार. मी उड्या मारायचाच बाकी होतो. कोल्हापूरच्या मित्रांना फोटो पाठवायला मोबाइल काढला, तेवढ्यात काकू हातात खराटा घेऊन आल्या आणि वर बोट केलं.

‘ही नळी पागोळीखाली ठेवल्यात. मगे भरतली नाय तर काय?’

वर बघितलं. अंधारात आम्ही कठडा निवडला होता, पण कौलांची पागोळी बरोब्बर त्याच्यावर. अर्ध्या छपराचं पाणी आमच्या नळीत. सर काही बोलले नाहीत, पण भूगोलाच्या तासाला नकाशावर कोकण घाटाच्या वरती काढलं होतं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं होतं, तसंच बघितलं. मग नळी उचलून अंगणाबाहेर मोकळ्या जागी, झाडांपासून लांब, एका चिऱ्यावर ठेवली आणि वहीत तारखेपुढं फक्त एक आडवी रेघ मारली. चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा रेघ बरी, हा सरांचा नियम.

पाऊस जरा थांबला तसे किल्ल्याकडे निघालो. देवगडचा किल्ला समुद्रात घुसलेल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहे, तिथं दीपगृह आहे, आणि तीन बाजूंना पाणी असल्यानं वारा अडवायला काही नाही. गाडीतनं उतरायला दार उघडलं तर ते हातातनं सुटून बिजागरीपर्यंत गेलं. दादा गाडीतच बसून राहिला, ‘दार परत लागलं तर सांगा’ म्हणून. कड्यापासून लांब, भिंतीच्या आडोशाला उभं राहून मी वारामापक वर धरला. आकडा ताशी ३५ आणि ४० किलोमीटरच्या मध्ये खेळत होता, झोत आला की उडी मारून वर जायचा. सगळ्यात मोठा झोत ५८. टीव्हीवरच्या वादळांच्या मानानं हे काहीच नाही. पण ५८ च्या झोतात उभं राहिल्यावर चष्मा नाकावर राहत नाही, बोललेलं शेजाऱ्याला ऐकू जात नाही, आणि पावसाचा थेंब गालावर वाळूच्या खड्यासारखा लागतो.

तिथं सरांनी मला एक गंमत करायला लावली. ‘वाऱ्याकडे पाठ कर.’ वारा दक्षिणेकडनं येत होता, केलं. ‘आता डावा हात खांद्याच्या रेषेत पसर.’ पसरला. हात सरळ समुद्राकडे, पश्चिमेला गेला. ‘तिकडं आहे ते.’ एकोणिसाव्या शतकातल्या बॉइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाचा हा नियम. आपल्या उत्तर गोलार्धात वादळाभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून वारा पाठीवर घेतला की कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला येतं. मोबाइल काढून बघितलं तर केंद्र रत्नागिरीच्या पश्चिमेला दोन-अडीचशे किलोमीटरवर. उपग्रह, रडार, सगळं बाजूला ठेवून नुसत्या हातानं ते दाखवता येतं याचं मला अजून नवल वाटतं. सर तर हात खाली करू देईनात.

दुपारी बंदरात गेलो. मी एवढ्या होड्या एकत्र कधी बघितलेल्या नाहीत. देवगडचं बंदर खाडीच्या कुशीत, किल्ल्याच्या सड्याआड आहे, त्यामुळं वादळात लांबलांबच्या नौका इथं आसऱ्याला येतात. स्थानिक ट्रॉलर होतेच, पण गुजरातचे होते, कर्नाटकाचे होते, तमिळनाडूचेही होते. नौकेचा रंग आणि नाळेवरची अक्षरं बघून राज्य ओळखायचं. एका नौकेला दुसरी, दुसरीला तिसरी अशा बांधलेल्या, मध्ये टायर अडकवलेले. पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याला सगळी रांग एकदम कुरकुरायची. एका नौकेवर स्टोव्हवर भात शिजत होता. वास आमच्यापर्यंत येत होता.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला होता. बंदरात वादळी वाऱ्याचा धोका आहे, नौका बाहेर काढू नका, असा त्याचा अर्थ. किनाऱ्यावर कुणालाही विचारा, तो ‘डीप डिप्रेशन’ (डिप्रेशनच्या पुढची पायरी) म्हणणार नाही, ‘तीन नंबर लागला’ म्हणेल. दुपारी खात्यानं जाहीर केलं की आता हे चक्रीवादळ झालंय आणि नाव ‘क्यार’. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. जाळं सारखं करत बसलेल्या एका म्हाताऱ्या खलाशानं मान वर न करता विचारलं, ‘नावान काय फरक पडता?’

काकू बंदरावर आलेल्या दिसल्या, छत्री उलटी झालेली. त्यांच्या भावाचा मुलगा एका ट्रॉलरवर खलाशी, आणि तो ट्रॉलर अजून आला नव्हता. ‘फोन लागणा नाय,’ एवढंच म्हणाल्या. आमचं तोंड बंद झालं. वारामापक मी खिशात सरकवला, का कोण जाणे, तो हातात असलेला त्यांना दिसू नये असं वाटलं.

धनत्रयोदशीचे दिवे संध्याकाळी घराच्या आत, ओटीवर लावले, बाहेर टिकेनात. साडेसातला वीज गेली. नऊच्या सुमारास काका आले ते दारातनंच ओरडत. ट्रॉलर रत्नागिरीला, मिरकरवाड्याला लागला होता. मोबाइल भिजून बंद पडला होता, बाकी सगळे सुखरूप. काकूंनी देवापाशी साखर ठेवली आणि पहिल्यांदाच आम्हाला आग्रहानं वाढलं. बंदर बंद, मासे नाहीत, म्हणून कुळथाची पिठी आणि भात. दादानं तीनदा भात घेतला. ताजी मासळी नाही म्हणून त्यानं सबंध दिवस जी तोंडं केली होती ती मी विसरायला तयार आहे.

शनिवार, २६ ऑक्टोबर

नळीत ८४ मिलिमीटर. ह्या खेपेला आकडा खरा. सरांनी तो दोनदा वाचला, वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली. ८४ मिलिमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर ८४ लिटर पाणी. असा हिशेब सांगितला की लोकांना पटतो.

सकाळी सातलाच तयार होऊन, आकडा घेऊन, साडेआठनंतर मालवणच्या दिशेनं निघालो. सरांचं म्हणणं, भरती गाठायची. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. त्रयोदशी, तेराची पाऊणपट पावणेदहा. हा हिशेब मुंबईचा, इकडं खाली भरती थोडी आधीच येते. अमावास्या तोंडावर, म्हणजे उधाणाचे दिवस. त्यात बाहेर वादळ. म्हणजे समुद्र आधीच चढलेला, वर वाऱ्यानं ढकललेलं पाणी आणि त्याच्यावर लाटा.

कुणकेश्वराला थांबलो तेव्हा ते दिसलं. देऊळ समुद्राला टेकूनच आहे. एरवी ज्या पुळणीवर पोरं क्रिकेट खेळतात, ती पुळण नव्हतीच. पाणी थेट बांधापर्यंत, मातकट, फेसानं भरलेलं. लाट फुटली की फेसाचे गोळे वाऱ्यावर उडून देवळाच्या आवारात पडत होते आणि तिथं थरथरत बसत होते, जिवंत असल्यासारखे. दोन पर्यटक पोरं बांधावर चढून सेल्फी काढत होती. एका पुजाऱ्यानं त्यांना जी भाषा ऐकवली, ती देवळाच्या आवारात ऐकायची सवय नसल्यानं सर दचकले. पोरं उतरली.

मिठबावच्या पुढं, आचऱ्याच्या अलीकडे, दादानं गाडी अचानक थांबवली. ‘हे बघा,’ म्हणाला. वादळात काडीचा रस नसलेल्या माणसानं दाखवावं असं काय, म्हणून उतरलो.

रस्त्याकडेच्या मळ्यात घोटाभर पाणी, आणि पाण्यात भाताचे कापलेले कवळे तरंगत होते. एक बाई आणि तिचा मुलगा ते उचलून, झटकून, बांधावर उभे करत होते. उभे केले की वाऱ्यानं परत आडवे. आम्ही काही न बोलता चपला काढल्या आणि उतरलो. पाणी कोमट होतं. पहिला कवळा उचलला तेव्हा वजनानं मी मागं गेलो. भिजलेलं भात किती जड असतं हे मला माहीत नव्हतं. बाईनं एक लोंगर माझ्या हातात दिलं, ‘बघा.’ दाण्यादाण्यातनं पांढरा, सुईच्या टोकाएवढा कोंब बाहेर आला होता. भात शेतातच, पेंढीतच उगवायला लागलं होतं. मी ते नाकाशी धरलं. आंबूस वास, इडलीच्या पिठाच्या जवळचा.

‘भात घराक येवचा तेव्हा ह्यो पावस इलो,’ ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. वेळ सांगावी तसं सांगितलं.

अर्धा-पाऊण तास आम्ही कवळे उचलले. तिघांत मिळून त्या मुलाच्या निम्मंसुद्धा काम झालं नाही. सर चौसष्टाव्या वर्षी कमरेत वाकून उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि भरतीची वेळ टळत चाललेली. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. मी बघितलं. लिहायला लाज वाटते, पण बघितलं.

तारकर्लीच्या पुढं देवबागला पोचलो तोवर ओहोटी लागली होती. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावर माड आणि घरं. समुद्राकडच्या बाजूनं पाणी घरांच्या मागच्या अंगणापर्यंत येऊन गेल्याच्या खुणा होत्या. वाळूवर झावळ्यांची, प्लास्टिकची, नारळांची ओळ, आणि ती ओळ एका तुळशीवृंदावनाच्या पलीकडनं गेलेली. माणसं वाळू उपसून दारं मोकळी करत होती. एका घराच्या ओटीवर भिजलेल्या गाद्या आणि त्यांच्या शेजारीच नवाकोरा आकाशकंदील, प्लास्टिकच्या पिशवीत. मी फोटो काढायला मोबाइल उचलला आणि तसाच खाली केला.

परत येताना गाडीत मोबाइलला रेंज आली. क्यार आता ‘अतितीव्र चक्रीवादळ’ झालं होतं, वारे ताशी ११८ च्या पुढं. दिशा पश्चिम. आमच्यापासून लांब चाललं होतं. देवगडला पोचेपर्यंत ढगांत निळी फट पडली होती.

रविवार, २७ ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. पहाटे साडेचारला काकांनी उठवलं. तेल लावून, उटणं लावून, विहिरीच्या गरम पाण्यानं अंघोळी. मग तुळशीसमोर प्रत्येकानं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं. कारिटाचा कडू थेंब जिभेला लावतात. सरांनी लावला आणि तोंड असं केलं की काकूंच्या नातवंडांना हसू आवरेना.

आणि फोव, म्हणजे पोहे. कोकणातली दिवाळी लाडू-चिवड्याची नव्हे, फोवांची. दुधातले, गुळातले, दह्यातले, तिखट फोव आणि त्यांच्याबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं. केळीच्या पानावर सगळं वाढून काकू म्हणाल्या, ‘औंदा नवे फोव नाय. भात भिजला. हे दुकानातले.’ दर वर्षी नव्या भाताचे कुटलेले फोव ह्या पानावर येतात. ते जाडसर असतात, त्यांना कोंड्याचा वास असतो, हे काकांनी सांगितलं. पानावरचे पातळ, पांढरे, एकसारखे होते. चव चांगली होती. काका दोन घास खाऊन उठले.

सकाळी नळीत ११ मिलिमीटर. आकाश धुतलेलं. सडे चकचकीत हिरवे, वारा जवळजवळ पडलेला, आणि हवेत मतलईचा थंडावा, जमिनीवरनं समुद्राकडे जाणारा.

दहाच्या सुमारास मी ओटीवर बसून मोबाइल उघडला आणि ओरडलोच. क्यारला डोळा आला होता! उपग्रहाच्या चित्रात पांढऱ्याशुभ्र, गोलाकार, घट्ट ढगांच्या मधोमध टाचणीनं टोचल्यासारखं नेमकं भोक. खात्यानं त्याला ‘सुपर सायक्लोन’ म्हटलं होतं. वारे ताशी २२२ किलोमीटरच्या वर गेले की हा दर्जा. अरबी समुद्रात २००७ च्या ‘गोनू’नंतर हे पहिलंच. शुक्रवारी किनाऱ्यावर पसरलेला सगळा ढगांचा पसारा त्यानं आवरून स्वतःभोवती गुंडाळून घेतला होता. खाली गरम पाणी, वर ढगांना वाकडं करणारा वारा कमी, आणि जमीन लांब. वादळाला याहून जास्त काही लागत नाही.

आयुष्यात ज्या चित्रासाठी रात्री जागलो ते हे चित्र होतं. मी ते सगळ्यांना दाखवत फिरलो. सरांनी चष्मा काढून, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. काका म्हणाले, ‘चांगला गोल आसा.’ काकूंना दाखवलं. त्यांनी हात पुसून मोबाइल धरला.

‘आता खय आसा ह्या?’

‘लांब गेलं. ओमानकडे चाललंय. पण आता सगळ्यात मोठं झालंय, काकी. परवा होतं त्याच्या चौपट-पाचपट जोर.’

‘लांब गेला मा?’

‘हो.’

‘मगे मोठा जाव नायतर बारीक जाव,’ म्हणाल्या आणि मोबाइल परत देऊन कारिटाची सालं झाडायला गेल्या.

दुपारी मिठमुंबरीच्या पुळणीवर गेलो. वारा नाही, वर ऊन, आणि तरी समुद्र शांत नव्हता. लांबच लांब, गुळगुळीत, पाठीवर एक सुरकुती नसलेल्या लाटा सावकाश येत होत्या. सरांनी घड्याळ लावून मोजलं, दोन लाटांमध्ये १२-१३ सेकंद. इथल्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा ५-६ सेकंदांनी येतात. या लाटा क्यारच्या होत्या. शेकडो किलोमीटरवरनं, कदाचित काल निघालेल्या. पाण्याजवळ न जाता वरच्या सुरूच्या झाडांत बसून आम्ही त्या मोजत राहिलो. मी पुन्हा एकदा वाऱ्याकडे पाठ करून हात पसरायचा प्रयत्न केला, पण पाठीला लागायला वाराच नव्हता.

सुपर सायक्लोनचा दिवस आमच्या वहीत असा आहे: ‘आकाश निरभ्र. वारा मंद. पाऊस नाही.’ आणि ज्या दिवशी त्याला धड नावसुद्धा नव्हतं, नुसतं डिप्रेशन होतं, त्या रात्रीपुढं रेघ, कारण नळी पागोळीखाली होती.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन. वीज होती. अमावास्येच्या अंधारात बंदराकडे बघितलं तर प्रत्येक नौकेवर एखादा तरी दिवा लागलेला. तमिळ नौकांवरही. बावटा उतरला नव्हता.

सोमवार, २८ ऑक्टोबर

पाडव्याला घरी जेवायला पोचायचं, नाहीतर आईनं दार उघडलं नसतं. ह्या वेळी फोंडाघाटानं. नांदगाव, फोंडा, दाजीपूर, राधानगरी. दाजीपूरला गाडीत हीटर लावायची वेळ आली इतकी हवा गार. रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त नांदगावच्या आसपास लोकांनी रस्त्याच्या कडेला, डांबरावर, भात वाळत घातलं होतं. दादा जिथं जिथं भात दिसलं तिथं गाडी पलीकडच्या कडेला घेऊन चालवत होता. हॉर्न न वाजवता.

निघताना सरांनी पर्जन्यमापक काकूंच्या अंगणातच, त्याच चिऱ्यावर ठेवला. ‘साडेआठला बघायचं, आकडा वाचायचा, पाणी ओतून टाकायचं,’ असं एकदा समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, एवढा काय त्यात, समजला.

क्यार पुढं ओमानच्या आणि सोमालियाच्या मधल्या समुद्रात विरलं. ते पुरतं विरायच्या आत लक्षद्वीपकडे ‘महा’ उभं राहिलं, म्हणजे अरबी समुद्रात एकाच वेळी दोन वादळं. हे ‘महा’ वळून परत आपल्या किनाऱ्याकडे येणार असा अंदाज होता. मी पुन्हा रात्री जागायला लागलो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पावणेनऊला सरांच्या फोनवर काकूंचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला, वही उघडली.

‘आज नळी सुकी,’ काकू म्हणाल्या. ‘उरलेला भात खळ्यात घातलंय. ताडपत्री हाताशी आसा.’

सरांनी लिहिलं: देवगड, ०.०.